थंडीत केळीची रोपं जपा

मैत्रिणींनो, गटाचं कर्ज काढून केळी लावलीय ना? मग आता हलगर्जी नको. पारा १० अंशांखाली उतरला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. रावेर-यावलच्या बागांना हा फटका ठाऊक आहे.

१. संध्याकाळी विहिरीचं हलकं पाणी द्या. ओली जमीन ऊब धरते. वीज रात्रीच येत असेल तर दोघी मिळून जा.
२. बुडाशी पाचट पसरा.
३. लहान रोपांवर काठ्या रोवून गोणपाट टाका, पानांना टेकू देऊ नका. ऊन आलं की काढा.
४. वाऱ्याच्या बाजूला जुन्या साड्यांचा आडोसा करा.

रोप मेलं तरी हप्ता थांबत नाही. म्हणून येत्या बैठकीत विचारा: गोणपाट कोणाकडे आहेत?