देखावा आणि छायाचित्र

पावसाळा लागून महिना-दीड महिना झाला की भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या शिवाराचे रूप पालटते. भाताच्या बांध्यांत पाणी भरते, रोवणीसाठी वाकलेल्या बायांच्या रांगा दिसू लागतात आणि साचलेल्या पाण्यात आभाळातले ढग उतरतात. अशा वेळी गावातील एखाद्या मुलाच्या हाती कॅमेरा आला, मग तो वडिलांच्या मोबाइलमधला का असेना, तर हा सारा देखावा टिपून घ्यावा असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. तो धुऱ्यावर उभा राहतो, कळ दाबतो आणि चित्र पाहून हिरमुसतो. डोळ्यांना केवढे विशाल दिसत होते ते! चित्रात मात्र वर पांढुरके आकाश, खाली हिरवट पट्टा आणि बाया म्हणजे नुसते ठिपके.

ही निराशा बहुतेक नवशिक्यांच्या वाट्याला येते. दोष कॅमेऱ्याचा नसतो. माणूस देखावा पाहतो तेव्हा त्याचे डोळे एका जागी खिळलेले नसतात. ते फिरतात, आवडेल तेथे रेंगाळतात आणि नको ते गाळून टाकतात. शिवाय चिखलाचा वास, वाऱ्याचा गारवा, बायांचे गाणे हेही त्या पाहण्यात मिसळलेले असते. कॅमेऱ्याला यातले काही ठाऊक नसते. चौकटीत जे आले ते सारे तो सारख्याच इमानाने नोंदतो. विजेची तारही आणि कोपऱ्यात पडलेली फाटकी पिशवीही. म्हणून काय घ्यावे आणि काय सोडावे, हे कळ दाबण्यापूर्वी माणसालाच ठरवावे लागते.

अमेरिकेतील प्रसिद्ध छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याला ही गोष्ट तरुणपणीच उमगली. १९२७ सालच्या एप्रिल महिन्यात तो योसेमिटी येथील ‘हाफ डोम’ नावाच्या प्रचंड कड्यासमोर चढून गेला. त्या वेळी चित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेत, आणि त्याच्यापाशी दोनच पट्ट्या उरल्या होत्या. पहिली त्याने भिंगापुढे पिवळी काच बसवून वापरली. पण लगेच त्याच्या ध्यानात आले की, कडा पाहून मनाला जो दरारा वाटतो तो या चित्रात उतरणार नाही; आकाश फिकेच राहील. मग त्याने गडद लाल काच बसवली आणि उरलेली एकमेव पट्टी खर्च केली. लाल काचेने निळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्यावर कडा उजळून उठला. चित्र कसे दिसावे हे त्याने आधी मनात पाहिले, मागाहून काचेवर घेतले.

दिघोरीच्या मुलापाशी ना तसला कडा, ना लाल काच. पण देखाव्यासाठी दूर जावे लागते असे थोडेच आहे! कॅमेऱ्याने घेतलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निसर्गचित्र फ्रान्समधील निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतले. डांबराचा लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर ते उमटण्यास निदान आठ तास लागले. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेला. म्हणून त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते.

आता तेवढा वेळ लागत नाही; पण उन्हाची वाट अजूनही पाहावी लागते. उंचसखलपणा दिसतो तो सावल्यांमुळे. मे महिन्याच्या अखेरीस दिघोरीला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावली झाडाच्या बुंध्याशीच दडते आणि सारे शिवार पाट्यासारखे सपाट दिसते. तेच सकाळी किंवा कलत्या दुपारी पाहावे. प्रत्येक धुरा, प्रत्येक ढेकूळ आपली लांब सावली टाकून उठून दिसते. तलावाचे चित्र तर सकाळीच घ्यावे. वारा सुटला की पाण्यातले प्रतिबिंब मोडते.

सपाट मुलखात जवळचे काही चौकटीत असावे लागते. एरवी दूरची वस्तू किती दूर आहे ते कळत नाही. तलावाच्या काठी बांधलेला डोंगा, पळसाची एक फांदी, चिखलातली पावले, यांपैकी काहीही चालेल. त्यासाठी कधी तलावाच्या पाळीवर चढावे, तर कधी गुडघ्यावर बसावे. एकाच जागी उभे राहून दहा चित्रे घेण्यापेक्षा दहा पावले हिंडून एक घेतलेले बरे. क्षितिजाची रेघ कललेली नसावी, नाही तर तलावातले पाणी सांडेल की काय असे वाटते! आकाशात ढगांची शोभा असेल तर त्याला अधिक जागा द्यावी. नसेल तर जमिनीला. उजेड कमी असला की कॅमेरा अधिक वेळ उजेड आत घेतो, आणि तेवढ्यात हात हलला तर चित्र पुसट येते. तिपाई नसली तरी कॅमेरा एखाद्या दगडावर टेकवता येतो. आणि शेतातील माणसांचे चित्र घेण्यापूर्वी त्यांना विचारावे, हे वेगळे सांगायला नको.

भंडारा जिल्ह्यात मालगुजारांच्या काळचे जुने तलाव पुष्कळ आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. अशा एखाद्या तलावाच्या पाळीवर एक दगड हेरून ठेवावा आणि वर्षभर त्याच दगडापाशी उभे राहून चित्रे घ्यावीत. आषाढात पाणी काठाला लागलेले असते. कार्तिकात पाळीखालच्या बांध्या पिकलेल्या धानाने पिवळ्या होतात. वैशाखात तळाला भेगा पडतात, आणि आषाढातल्या चित्रात जेथे ढगांचे प्रतिबिंब होते, तेथे आता गुरे चरताना दिसतात.