पांगाऱ्याचा मासा

"मामा, चार लूर गेले, अडीचशेला एक," असं तू परवा फोनवर सांगितलंस. आवाजात एवढा आनंद होता की तेव्हा मी काही बोललो नाही. आता लिहून पाठवतोय, कारण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता हूं हूं करतोस.

मोठ्या माशाला भुलवणाऱ्या त्या चार लाकडी माशांना तास किती लागले म्हणून विचारलं, तर म्हणालास, "मोजूचे कित्याक? राती टीव्ही बघता बघता करतंय." बाबू, यात दोन चुका आहेत. टीव्हीकडे डोळा ठेवून पटाशी चालवणाऱ्याचं बोट कधी ना कधी जातं. न मोजलेले तास मात्र रोजच जातात. तेव्हा आधी एक वही आण आणि ती पटाशीच्या शेजारी ठेव. कामाला बसलास की वेळ लिही, उठलास की लिही. चहाला उठलास तरी लिही.

माझ्या गेल्या खेपेचं पान उतरवून देतो. चार इंची बारा मासे एकदम घेतले होते. लाकूड कापणं, रेघा मारणं, भोकं पाडणं यात २ तास. कोरायला ६. पॉलिश पेपर मारायला ३. तार आणि शिसं घालून पोट बुजवायला ४. सीलरचे हात द्यायला २. चांदीचा कागद चिकटवणं आणि रंग, ७. वरून इपॉक्सी, २. गळ लावून पाण्यात पोहवून बघायला ४. झाले ३० तास. मेस्त्रीची हजेरी मी आठ तासांचे हजार धरतो, म्हणजे तासाला १२५. तीस तासांचे ३७५०. लाकूड, तार, शिसं, तोंडाखाली बसवायची जीभ, रंग, इपॉक्सी मिळून नगाला ७० रुपये, बाराचे ८४०. आता बारापैकी धड पोहले नऊ. त्या नवांना ट्रेबल गळ आणि रिंगा, ८० प्रमाणे ७२०. सगळी बेरीज ५३१०. नवांनी भागली की एक मासा पडतो ५९० रुपयांना. यात वीज नाही, खोकं नाही, कुरियर नाही, बोथट झालेलं पातं नाही. नफा तर नाहीच.

आणि तू दिलास अडीचशेला. माझ्या दराने सामान धरलं तर पावणेदोनशे तिथेच गेले. उरले पंचाहत्तर, तेही तीन तास वीस मिनिटांचे. तासाला जेमतेम तेवीस रुपये. एवढ्या पैशात माझ्या शेडमध्ये झाडू मारायलाही मी कुणाला उभं केलं नसतं, लाज वाटली असती.

ते वाया गेलेले तीन मासे हिशेबातून गाळू नकोस. नवखे लोक हमखास तेच करतात. त्यांच्यावरही तुझे तास गेलेत आणि ते धड पोहलेल्या नऊ माशांनीच भरून द्यायचे असतात. स्वस्तात विकून त्यांचे पैसे काढायला जाऊ नकोस. वाकडा पळणारा मासा शंभर रुपयांत कुणाच्या पेटीत गेला, तर तो माणूस किंमत विसरेल पण मासा कुणी केला ते विसरणार नाही. गळ काढून घे, पुढच्या खेपेला लागतील. लाकूड भिंतीवर टांग.

लाकडाचंच सांगतो. मी चौदा वर्षांचा असताना सावंतवाडीला चितार आळीत एका खेळणीवाल्याकडे उमेदवारी केली. तिथली केळी, आंबे, पेरू, भाजीवाल्याच्या टोपलीत ठेवले तर फसावेत असे. ते पांगाऱ्याचे. हलकं, मऊ, पटाशीखाली लोण्यासारखं. म्हणून मी पहिले मासेही पांगाऱ्याचेच केले, आणि शिकलो होतो तसे वरून चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून दोन हात दिले, मग रंग. दिसायला असे की मांजर मागे लागावं. खाडीत तिसऱ्या फेकीला खळ सुटली, लाकूड फुगलं, पोटाची चीर उघडली आणि रंगाचं साल हातात आलं. चूक खळीची नव्हती. ती कपाटातल्या आंब्यासाठी असते, पाण्यासाठी नसते. लाखेचंही तसंच, पाणी लागलं की पांढरी पडते. माझे अकरा मासे गेले तेव्हा हे डोक्यात शिरलं. तुझे जाऊ नयेत म्हणून सांगतोय.

पांगारा घे, पण आत पाणी शिरायला जागा ठेवू नकोस. कोरून झालं की पातळ सीलरमध्ये बुडव, वाळव, पेपर मार, परत बुडव. गळाच्या भोकात, जिभेच्या खाचेत, शेपटीच्या टोकाला, जिथे आडवं लाकूड उघडं पडतं तिथे पांगारा आधी पाणी पितो, तिथे एक हात जास्त. ओलं लाकूड कधीही घेऊ नकोस. सावलीत, वारा लागेल असं, किमान एक पावसाळा उलटू दे. जुनी माणसं पांगारा अमावास्येला तोडायची, भुंगा लागत नाही म्हणायची. मी अमावास्येला आणि एरवीही तोडून बघितलं, आणि भुंग्याला पंचांग कळतं असं मला दिसलं नाही. साल ताबडतोब काढली की भुंगा कमी, एवढं मात्र खरं. पांगाऱ्याहून जरा जड मासा हवा असेल तर शिवण बघ. सागाचा मोह नको. तेलकट असतो, इपॉक्सी नीट धरत नाही, आणि महाग लाकूड वापरलं म्हणून मासा काही जास्त चावत नाही.

आता वेळ कुठे वाचवायचा. लाकूड चौकोनी आहे तोवर सगळी मापाची कामं उरक. मधली रेघ चारी बाजूंनी मार, जिभेची खाच काप, शिशाची भोकं पाड. एकदा का गोल कोरलंस की सरळ खाच कापायला टेकू मिळत नाही, अंदाजाने कापशील, आणि केसभर तिरकी गेली की मासा कुशीवर पोहेल. माझे पहिले वाया गेलेले बहुतेक याच पायी गेले. चौकोनात कापायला दोन मिनिटं, गोलात दहा मिनिटं आणि वर शिव्या.

एकेक मासा करत बसू नकोस. एक नग एकटा घेतला तर मला पाच तास लागतात, बारांत घेतला तर अडीच. रंगाची डबी उघडणं, हात धुणं, ब्रश साफ करणं हे एका नगालाही तेवढंच आणि बारांनाही तेवढंच. इपॉक्सी तर कालवला की घट्ट व्हायला लागतो, एका माशापुरता कालवून उरलेला फेकशील तर तो खर्चही त्याच माशावर. लावून झाल्यावर ओघळ येऊ नये म्हणून मासे हळूहळू फिरते ठेवावे लागतात. त्याला बिघडलेल्या मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर उत्तम, भंगारवाला कवडीमोलाने देतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घे, तुझ्या हातून नको. जिभेला पत्र्याची दुकानं फिरू नकोस. घरात जुन्या सीडी पडल्यात ना? ते पॉलिकार्बोनेटच असतं. चिकटपट्टी लावून वरची चांदी ओढून काढ आणि कातर. लहान माशाला ती जाडी पुरते.

काटकसर कुठे करायची नाही, तेही लिहून ठेव. तार. फिरकीचे डोळे लाकडात पिळून गळ लावले की अर्धा तास वाचतो, मीही वाचवला. कर्ली खाडीत एका गिऱ्हाइकाला चोणक लागला, अलिबागकडचे त्याला जिताडा म्हणतात, तोच. दोन उड्या मारल्या, आणि माझ्या माशातून मागचा डोळा उपटून गळासकट घेऊन गेला. गिऱ्हाईक सभ्य. भोक पडलेला मासा माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि "मेस्त्री, बघा" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तोंडापासून शेपटीपर्यंत एकच अखंड स्टेनलेस तार, पोटाला चीर पाडून आत बसवलेली. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. जीआय तार खाऱ्या पाण्यात एका हंगामात गंजून जाते, ती घेऊ नकोस. आणि ट्रेबल चांगलेच घे. तांबोशीने एकदा तोंड मिटलं की हलका गळ सरळ होतो, हे तू स्वतः बघितलंयस.

शिसं वितळवत बसू नकोस, विशेषतः घरात पोरं असताना. जाळ्याला लावतात त्या तयार गोळ्या आण, ठोकून बसव. वजन पोटात खाली गेलं पाहिजे, पाठीकडे सरकलं की मासा उलटा होतो.

पाण्याची परीक्षा सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून सगळे तीच गाळतात. बादलीत तरंगतो की नाही एवढंच कळतं, पळतो कसा ते ओढल्याशिवाय कळत नाही. लांब टाकी नसेल तर बांधावर चालत दोरीने ओढ. आपल्याकडे येताना डाव्या हाताला पळत असेल तर तोंडाची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकव, उजव्या हाताला पळत असेल तर डावीकडे. केसभर म्हणजे केसभर. जीभ अंगाच्या रेषेत झुकती असेल तर मासा खोल जातो, उभी केलीस तर वरच्या पाण्यात डुलत राहतो. खाजणाच्या तोंडाशी, कमरेएवढ्या पाण्यात उभी जीभच चालते.

एक गिऱ्हाईक रत्नागिरीहून येतो, वाचणारा आहे. त्याने मला फिनलंडच्या लाउरी रापालाची गोष्ट सांगितली. पैयाने नावाच्या तळ्यावर हा कोळी. त्याच्या लक्षात आलं की मोठा मासा लहान माशांच्या थव्यात शिरतो तेव्हा जो लंगडत पोहतो तोच उचलतो. १९३६ मध्ये त्याने मोच्याच्या सुरीने बुचाचा मासा कोरला, वर चॉकलेटचा चांदीचा कागद लावला, आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. पुढे ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या लाइफ मासिकात त्याच्यावर लेख आला. नेमका तो अंक मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा, घरोघर गेलेला. मागणी सांभाळता येईना. लोकांना या गोष्टीत चॉकलेटचा कागद आवडतो. मला आवडतं ते वेगळंच. धंदा वाढल्यावरही मासा पाण्यात ओढून बघितल्याशिवाय बाहेर जायचा नाही. तू चार नगही ओढून बघत नाहीस.

आता तुझ्या रंगाबद्दल. तू प्रत्येक खवला वेगळा काढतोस, कल्ल्याखाली लाल छटा देतोस. सुंदर करतोस, त्यात शंका नाही, माझ्यापेक्षा हात बारीक आहे तुझा. पण खाडीच्या गढूळ पाण्यात चोणकाला ती लाल छटा दिसते असं मला वाटत नाही. तो हलणं बघतो, काळी-पांढरी आकृती बघतो. खवले माणसासाठी असतात. माणूसही गिऱ्हाईकच आहे, तेव्हा काढ, पण त्याचे तास त्याच्याकडून घे. दोन जाती ठेव. एक कामाचा, पाठ काळपट, पोट पांढरं, बाजूला चांदी, दीड तासात बारांचा रंग उरकेल असा. तीस तासांतले साडेपाच तिथेच सुटतात. आणि एक शोभेचा, तारलीसारखा, पेडव्यासारखा, तुला हवा तेवढा नटवलेला, त्याला हजाराच्या खाली हात लावू देऊ नकोस.

किंमत सांगताना मान खाली घालायची नाही. "शॉपमध्ये दीडशेला प्लास्टिकचो मिळता" असं म्हणणारा भेटेलच. त्याच्याशी वाद घालू नकोस, "घ्या तोच, चांगला असतो" म्हण. खरंच काही चांगले असतात. दुकानदार ठेवून घेतो म्हणाला तर त्याचा वाटा आधी विचार. चौथा हिस्सा घेणार असेल आणि पाटी नऊशेची असेल, तर तुझ्या हाती ६७५ येतात, ५९० वरचे पंच्याऐशी. आठशेची पाटी लावलीस तर ६०० येतील, मग दुकानदारासाठीच राबलास असं समज. ओळखीच्याला कमी करायचं असेल तर रुपये कमी करू नकोस, एखादी ट्रेबलची जादा जोडी दे. एकदा कमी केलेली किंमत पुढच्या वर्षी वर चढत नाही.

पावसात रंगाचं काम काढू नकोस. जून ते ऑगस्ट आपल्याकडच्या हवेत लॅकर पांढरट पडतो, इपॉक्सीवर चिकट साय धरते, आणि मग सगळं खरवडून पुन्हा. ते तीन महिने कोरायचे. तशीही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बंदरावर सामसूम, घरी बसून सत्तर-ऐंशी मासे कोरून सीलर न लावता कोरड्या डब्यात भरून ठेव. दसऱ्यानंतर ऊन लागलं की रंग. पेपर मारताना तोंडाला फडकं बांध, इपॉक्सीला हातमोजे. माझी बोटं अजून खाजतात.

त्या चार गिऱ्हाइकांची नावं वहीत आहेत का? नसतील तर आजच आठवून लिही. महिनाभराने फोन करून विचार, वाकडा पळतो का, रंग कुठून सुटला.

रविवारी येतोस ना, तर उरलेले मासे घेऊन सातच्या आत ये. सुकती साडेआठला लागेल. त्याआधी पुलाखाली सगळे ओढून बघू.