सर्वांत कमी दर नेहमीच का जिंकत नाही?



काही वर्षांपूर्वी शाळेच्या गच्चीच्या कामासाठी आम्ही तीन दरपत्रके मागवली. सर्वांत कमी दर पाहिला आणि काम देऊन टाकले. दुसऱ्याच पावसाळ्यात सहावीच्या वर्गात बादल्या ठेवाव्या लागल्या. ठेकेदाराला पूर्वीचा अनुभव किती, हे आम्ही विचारलेच नव्हते. चूक आमची होती. यंदा प्रयोगशाळेची दुरुस्ती करायची आहे. म्हणून सरकारी कार्यालये ठेकेदार कसा निवडतात, ते समजून घेऊ.

केंद्र सरकारच्या खरेदीला ‘सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७’ लागू आहेत. राज्यांचे नियम वेगळे असतात, पण पद्धत बरीचशी सारखीच.

पहिली चाळणी पात्रतेची. नोंदणी, तशाच कामाचा अनुभव, वार्षिक उलाढाल हे पाहतात. सोबत अनामत भरावी लागते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडी ‘धरोहर राशि’च येते, मराठीत तिला ‘बयाणा रक्कम’ म्हणतात. ती साधारणपणे अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. सूक्ष्म व लघु उद्योगांना यात सूट आहे.

मोठ्या व तांत्रिक कामांत प्रस्ताव दोन लिफाफ्यांत मागवतात: एक तांत्रिक, दुसरा दराचा. आता बहुतेक ठिकाणी हे लिफाफे संगणकावरच असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात जो नापास, त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाहीत. उरलेल्यांत सहसा सर्वांत कमी दराला काम मिळते.

सल्लागार नेमताना मात्र गुणवत्ता व दर, दोन्हींना गुण देता येतात. तेथे गुणवत्तेचा भार ८० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. २०२१ च्या सूचनांनुसार गुणवत्तेला प्राधान्य असलेल्या खास बांधकामांतही ही पद्धत वापरता येते, पण तेथे मर्यादा ३० टक्के आहे.

आता गणित करू. पुलाच्या आराखड्यासाठी तीन सल्लागार आले. भार: गुणवत्ता ७०, दर ३०. उत्तीर्ण होण्यास तांत्रिक गुण ७० हवेत.

अ: तांत्रिक गुण ९०, दर ५० लाख
ब: तांत्रिक गुण ८०, दर ४० लाख
क: तांत्रिक गुण ६०, दर ३० लाख

‘क’ सर्वांत स्वस्त, पण तांत्रिक परीक्षेतच बाद. त्याचा दर कोणी पाहिलाही नाही. उरलेल्यांत कमी दर ४० लाख, म्हणून ‘ब’ला दराचे १०० गुण. ‘अ’ला ४० भागिले ५०, म्हणजे ८०.

अ: ६३ + २४ = ८७
ब: ५६ + ३० = ८६

एका गुणाने ‘अ’ जिंकला. मुलांनो, हेच गणित गुणवत्ता ३० आणि दर ७० धरून वहीत करा. विजेता बदललेला दिसेल!

खरी मेख येथेच आहे. भार बदलला की निकाल बदलतो. लिफाफे उघडल्यावर भार ठरवला, तर हव्या त्या माणसाला जिंकवता येईल. म्हणून निकष निविदेतच छापावे लागतात, आणि न छापलेला निकष नंतर लावता येत नाही. परीक्षेत प्रश्नाचे गुण आधी छापतात, तसेच हे.

आपली शाळा या नियमांनी बांधलेली नाही. तरी विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे: प्रयोगशाळेच्या कामाचे निकष आधी लिहून सूचना फलकावर लावावेत, मगच दरपत्रके मागवावीत. पालकांनीही ते वाचावेत आणि निःसंकोच प्रश्न विचारावेत. पैसा आपल्या सर्वांचा आहे, आणि छताखाली बसणारी मुलेही आपलीच आहेत.