सरावाची लढत

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• शस्त्रविद्येच्या शिक्षणातील लढतीचे महत्त्व सांगता येईल;
• प्रात्यक्षिक आणि लढत यांतील फरक स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

समजा, दिल्लीतील आर. के. पुरमच्या एखाद्या उद्यानात एक मुलगा सकाळी काठी फिरवीत आहे. डोक्यावरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी काठी सरसर फिरते. पाहणारे थबकतात. इतक्यात दुसरा मुलगा काठी घेऊन समोर उभा राहतो आणि पहिल्याचा हात अडखळतो. हात तोच, काठीही तीच. मग बदलले काय? आतापर्यंत समोर हवा होती, आता माणूस आहे. हवा वार चुकवीत नाही, उलट वारही करीत नाही.

महाराष्ट्रातील जुन्या शस्त्रविद्येने ही अडचण ओळखली होती. खऱ्या तलवारीने सराव करावा, तर जिवाला धोका. सराव करू नये, तर रणांगणावर घात. यावर तोडगा म्हणजे फरी-गदगा. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी आणि फरी म्हणजे लहानशी ढाल. ढाल-तलवारीचे डावपेच त्यामुळे खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर, परंतु जीव न गमावता शिकता येत. भाल्याच्या सरावासाठी बोथट टोकाची बोथाटी वापरली जाई, तीही याच विचाराने. कुस्तीच्या तालमीतही जोर-बैठकांनी शरीर घडते. डाव मात्र जोडीदाराशी रोज झुंजल्यावाचून अंगी मुरत नाही.

हाच अनुभव दूरच्या फिलिपीन्समध्येही आढळतो. तेथील काठी व पात्याच्या युद्धकलेला आर्निस, एस्क्रिमा किंवा काली म्हणतात. २००९ साली कायद्याने आर्निसला त्या देशाचा राष्ट्रीय क्रीडाप्रकार आणि राष्ट्रीय युद्धकला म्हणून मान्यता मिळाली. विद्यार्थी वेताच्या काठीने ठरावीक वार आणि बचाव घोटतात. जोडीने केलेल्या या सरावात पुढचा वार कोणता, हे दोघांनाही ठाऊक असते. त्यानंतर येते मोकळी लढत. तिच्यात काहीच ठरलेले नसते. म्हणून शिरस्त्राण, अंगरक्षक किंवा मऊ आवरणाची काठी वापरली जाते.

लढत तीन गोष्टी शिकविते. पहिली, अंतर: वीतभर पुढे गेल्यास मार बसतो, वीतभर मागे राहिल्यास आपला वार वाया जातो. दुसरी, वेळ: उत्तम वारही क्षणभर उशिरा झाला, तर निरुपयोगी ठरतो. तिसरी, मनाचा तोल: वार बसल्यावर चिडणारा लगेच दुसरा वार खातो.

तथापि लढत म्हणजे युद्ध नव्हे. तिला नियम असतात, पंच असतो. केवळ गुणांसाठी खेळणारा नियमांच्या आडोशाने वाईट सवयी लावून घेतो. खरे पाते असते तर ज्या वारासमोर तो गेलाच नसता, तो वार खुशाल अंगावर घेतो. म्हणून घोटलेला सराव आणि मोकळी लढत या दोहोंची सांगड आवश्यक असते. सरावावाचून लढत आंधळी, तर लढतीवाचून सराव पांगळा.

आज मर्दानी खेळ बहुधा शिवजयंतीच्या मिरवणुकीत दिसतात. दांडपट्ट्याच्या एका फटक्यात लिंबू दुभंगते आणि टाळ्या पडतात. ते कौशल्य खरेच. पण लिंबू जागचे हलत नाही. याउलट पंजाबच्या गटक्याने फरी-सोटीची नियमबद्ध लढत जपली. गोव्यात २०२३ साली झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत गटक्याचा समावेश होता. केवळ पाहण्यापुरती उरलेली विद्या हळूहळू नृत्य होते. प्रश्न विचारणारा समोर असेल, तरच ती विद्या राहते.

म्हणूनच समोरचा जोडीदार हा शत्रू नसून गुरूच असतो. आपली चूक कोठे आहे, हे तो शब्दांवाचून दाखवितो. लढत संपल्यावर त्याला नमस्कार करायचा, तो केवळ रीत म्हणून नव्हे.

शब्दार्थ
घोटणे – पुन्हा पुन्हा करून पक्के करणे
अंगी मुरणे – पूर्णपणे आत्मसात होणे
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप

पाठावरील प्रश्न
१. फरी-गदग्याने कोणती अडचण दूर झाली?
२. ‘लिंबू जागचे हलत नाही’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
३. तुमच्या कामात किंवा शिक्षणात तुमची चूक दाखविणारा ‘जोडीदार’ कोण? पाच-सहा वाक्यांत लिहा.