फुप्फुसावरणाचा कर्करोग आणि ॲस्बेस्टॉसची धूळ

आपल्या निपाणी भागात खोकल्याचे कारण शोधावयास कोणी फार दूर जात नाही. वखारीतील तंबाखूची धूळ किंवा ओठांतील विडी, ह्यांपैकी एकीवर बोट ठेवले की काम भागते. आणि बहुधा ते बोट योग्य जागीच पडते. परंतु छातीचा एक रोग असा आहे की, त्याच्या बाबतीत तंबाखू निर्दोष असून खरे कारण रोग्याच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या आयुष्यात दडलेले असते. वैद्यकशास्त्रात त्यास ‘मेसोथेलिओमा’ म्हणतात.

फुप्फुसाभोवती एक पातळ, दुपदरी आवरण असते. दोन पदरांमध्ये किंचित द्रव असल्यामुळे श्वासोच्छ्वासाच्या वेळी घर्षण होत नाही. ह्या आवरणाच्या पेशींचा कर्करोग तो हाच. त्याचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉस नावाचे तंतुमय खनिज होय. ते आगीत जळत नाही, कापसाप्रमाणे विणता येते आणि स्वस्तही पडते. म्हणून बाष्पनळ्यांची वेष्टने, गाड्यांच्या ब्रेकची अस्तरे आणि छपराचे सिमेंटी पत्रे ह्यांत त्याचा मुबलक उपयोग झाला. त्याचे डोळ्यांस न दिसणारे तंतू श्वासावाटे आत गेले म्हणजे शरीरातील भक्षक पेशींना ते धड गिळताही येत नाहीत व पचविताही येत नाहीत. वर्षानुवर्षे दाह चालू राहतो, पेशींतील आनुवंशिक द्रव्य बिघडत जाते, आणि वीस ते पन्नास वर्षांनी रोग प्रकट होतो.

हा संबंध प्रथम ठळकपणे दाखविला तो १९६० साली, दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातील ३३ रोग्यांची हकीकत त्यांनी प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येकांनी खाणीत कधीच काम केले नव्हते. त्यांचे बालपण तेवढे खाणींच्या शेजारी गेले होते!

हे सारे परदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. चिकोडी, निपाणी, गडहिंग्लज, चंदगड ह्या भागांतून पोटासाठी मुंबईस गेलेली माणसे थोडी नाहीत, आणि मुंबईत ॲस्बेस्टॉसचे कारखाने दीर्घकाळ चालले. तेथील अशा एका गिरणीतील १८१ कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे ह्यांनी केली व तिचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध केला. पाचांत एकाहून अधिक कामगारांस ‘ॲस्बेस्टॉसिस’ आढळला. हा कर्करोग नव्हे. ह्यात फुप्फुस घट्ट व कठीण होते. पण दोहोंचे मूळ एकच. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात असा आदेश दिला होता की, अशा कामगाराची आरोग्यनोंद कामास लागल्यापासून ४० वर्षे, अथवा काम सोडल्यानंतर १५ वर्षे, ह्यांत जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी. रोगाचा सावकाशपणा न्यायालयानेही ओळखला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

लक्षणे मात्र अगदी साधी वाटणारी असतात. चालताना धाप लागते, छातीच्या एका बाजूस बोथट दुखते, कोरडा खोकला येतो, वजन घटते. आवरणाच्या दोन पदरांत पाणी साठते, आणि येथेच घोटाळा होतो. आपल्या देशात छातीत पाणी म्हटले की प्रथम क्षयाची शंका येते, व ती रास्तच आहे. पण क्षयाचे औषध नेमाने घेऊनही पाणी पुनःपुन्हा भरत असेल, तर दुर्बिणीने आवरण पाहून त्याचा तुकडा तपासावा लागतो. गावी परतलेल्या म्हाताऱ्या कामगारास ‘वय झाले’ म्हणून घरीच बसविले जाते. त्याने तरुणपणी कोठे व कसले काम केले, हे डॉक्टरांस सांगावयाचे घरच्यांस सुचत नाही. वास्तविक निदानाची अर्धी किल्ली त्या एका माहितीत असते.

उपचारांचे संशोधन आशादायक असले, तरी त्याविषयी अतिशयोक्ती करणे बरे नव्हे. रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. २००३ साली सिस्प्लॅटिनच्या जोडीस पेमेट्रेक्सेड दिल्याने रोग्यांचे मध्यम आयुर्मान ९.३ वरून १२.१ महिन्यांवर गेल्याचे दिसून आले. पुढे शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करणारी दोन औषधे, निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब, एकत्र देऊन पाहिली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जुन्या औषधांनी १४.१ महिने, तर ह्या जोडीने १८.१ महिने मिळाले. चार महिन्यांची ही भर लहान वाटेल; ज्याच्या घरी रोगी आहे त्यास ती तशी वाटणार नाही. शस्त्रक्रियेवरील विश्वास मात्र डळमळला आहे. रोगट आवरण सोलून काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेची इंग्लंडमध्ये जी चाचणी झाली, तिच्या २०२४ च्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती केवळ औषधे घेणाऱ्यांहून वाईटच ठरली. अशी अप्रिय उत्तरे देणाऱ्या चाचण्यांचेही मोल मोठे आहे.

जगातील साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केला आहे. भारतात पांढरा ॲस्बेस्टॉस आयात करून त्याचे पत्रे करणे अजून चालू आहे. छपरावर धडधाकट बसलेल्या पत्र्यातील तंतू सिमेंटात जखडलेले असतात, त्यामुळे त्याखाली राहणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना. जुने छप्पर उतरवावयाचे असेल तर पत्रे आधी पाण्याने चिंब भिजवावेत, अखंड उतरवावेत, मुलांस दूर ठेवावे, आणि पडलेला चुरा कोरड्या केरसुणीने मुळीच झाडू नये.