उन्हाळ्यात पाहिलेला प्लॉट

2019 च्या एप्रिलात मी अकोल्यात, मोर्णेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर बारा हजार चौरस फूट मोकळी जागा घेतली. रेती, गिट्टी, विटा, सिमेंटचे पाइप ठेवायला. नाला ठणठणीत कोरडा होता, पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. दलाल म्हणाला, "भाऊ, बांधकाम थोडीच करायचं हाय? माल तं ठिवायचा हाय. परवानगी कायची?" जागा स्वस्तात पडत होती, म्हणून मला ते लगेच पटलं.

मुरमाचे ट्रक येऊ लागले तेव्हा मागच्या घरातल्या आजी कुंपणाशी आल्या. "काऊन भरून रायला बापू? पावसाळ्यात पानी इथूनच जाते." मी हसून मान हलवली आणि अडीचशे ब्रास मुरूम टाकून जागा दोन फूट उचलली.

मी काही नदीचा वैरी नव्हतो. 2018 च्या जानेवारीत मोर्णा स्वच्छतेची लोकचळवळ झाली, तेव्हा जलकुंभी उपसायला मीही उतरलो होतो. 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख झाला तेव्हा आठवडाभर दुकानात तोच विषय होता. पण नदी वेगळी आणि आपला प्लॉट वेगळा, असा माझा हिशेब.

2021 च्या जुलैत, 21 तारखेच्या रात्री, पावसाने अकोल्याला झोडपलं. मोर्णा भरून वाहू लागली, नाल्याचं पाणी तिच्यात शिरेना, ते मागे फिरलं. दरवर्षी जिथे ते पसरायचं तिथे आता माझा मुरूम होता. आपली काळी माती सुरुवातीला भेगांतून भरपूर पाणी पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं सगळं पाणी वरून धावतं. ते मागच्या घरांत शिरलं. माझी रेती नाल्यात गेली, पाइप गडगडत जाऊन पुलाखाली अडकले. सकाळी आजींच्या घरात गुडघाभर चिखल होता, धान्य भिजलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन पोते जवारी दे बापू." दिली. नोटीस त्यानंतर आली.

वकिलाने पहिल्याच भेटीत माझा सगळा युक्तिवाद मोडून काढला. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 'विकास' म्हणजे नुसतं बांधकाम नाही; जमिनीच्या वापरात मोठा बदल करणं, भराव घालून जमीन तयार करणं, हेही त्यात येतं. म्हणजे एक वीटही न रचता मी विकास करून बसलो होतो, तोही विनापरवाना.

म्हणून इसार देण्याआधी सातबारा पाहून थांबू नका. भूमी अभिलेखकडून गावनकाशा घ्या; मालकी साफ असलेल्या जागेतून नाल्याची रेघ जाताना त्यात सापडू शकते. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. रहिवासी झोनमध्ये घाऊक मालाचं यार्ड चालेल असं गृहीत धरू नका. नदीजवळ असाल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत जागा असेल तर व्यवहार सोडा. नाल्याला अशी आखलेली रेषा नसली तरी काठापासून अंतर सोडावं लागतं. ते 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत पाहून लेखी मागा. तोंडी "चालते" म्हणणारा माणूस नोटिशीच्या दिवशी सापडत नाही.

तलावाकाठच्या जागेचं आणखी वेगळं. पाणथळ जागांचे 2017 चे नियम तिथे भराव आणि कचरा टाकू देत नाहीत, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यातून वगळले आहेत. आपल्याकडे लोणारसारखं नैसर्गिक सरोवर एखादंच. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव शहराच्या पाण्यासाठी बांधलेले. याचा अर्थ दलाल "मोकळं रान" असा लावतो. तसं नाही. झोन, पूररेषा, महसुलाचे नियम तिथेही असतातच.

माल ठेवायचाच तर रेतीभोवती विटांची दोन फुटी आड भिंत घ्या, पाइपांना दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोका, सिमेंट आणि रंग-तेल छपराखाली ठेवा. उतार कुठे आहे हे लेव्हल नळीने एका दुपारी कळतं. मी ते केलं असतं तर... असो.

गेल्या पावसाळ्यात अमरावतीचा भाचा बडनेरा रोडकडे फरशीचं यार्ड टाकायला निघाला. मी म्हटलं, झडी लागली की जागा पाहू. गेलो. पोटरीभर पाणी होतं, मधोमध बगळे. दलाल म्हणाला, "हे तं पावसाचं पानी हाय ना साहेब, दोन दिवसात उतरते." भाच्याने माझ्याकडे पाहिलं. इसाराचे अकरा हजार आधीच देऊन बसला होता. ते काही परत मिळाले नाहीत.