कंपनीचा मेडिक्लेम बंद होतो तेव्हा

माझे यजमान पिंपरी-चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा पेन्शन तुटपुंजी होती पण मेडिक्लेम होता. दोघांना मिळून चार लाखांचं संरक्षण, हप्ता कंपनी भरायची. ह्यांची शुगर, बीपी, हृदयातला स्टेंट, काही आड येत नव्हतं, कारण ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते. मग कंपनीची मालकी बदलली आणि फेब्रुवारीत पत्र आलं: निवृत्तांची योजना ३१ मार्चनंतर चालू राहणार नाही. पुढे काय करायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्याचा मला अजून राग येतो.

पत्रात लिहायला हवं होतं ते हे. ग्रुप पॉलिसी बंद होत असेल तर सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. याला मायग्रेशन म्हणतात आणि विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांत ही सोय आहे. या वाटेने गेलं की ग्रुपमध्ये काढलेली वर्षं नव्या पॉलिसीत मोजली जातात. नव्याने पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत असे, २०२४ मध्ये ती कमी झाली. पण अडुसष्टीच्या हृदयरोग्याला तीन वर्षंही परवडत नाहीत. विमा कंपनी तपासण्या सांगू शकते, हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते. म्हणून अर्ज लवकर करायचा, जुनी पॉलिसी चालू असतानाच.

ह्यांच्याच खात्यातले एक जण थांबले. निवृत्तांनी मिळून निवेदन दिलं होतं, कंपनी निर्णय फिरवील अशी आशा होती. एप्रिलमध्ये त्यांनी घाईने एक स्वस्त पॉलिसी घेतली आणि पावसाळ्यात बायपास करायची वेळ आली. क्लेम नाकारला गेला, आजार जुना म्हणून. मुलाने एफडी मोडून बिल भरलं. निवेदन जरूर द्यावं, पण त्याच आठवड्यात मायग्रेशनचा अर्जही द्यावा.

एचआरमध्ये फोनवर कुणी धड बोलत नाही. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, कार्डावर पॉलिसी नंबर असतो, तो घेऊन मी विमा कंपनीच्या शाखेत गेले आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोचशिक्का घेतला. कंपनीकडून ईमेलने दोन गोष्टी मागितल्या: प्रत्येकाचं संरक्षण कोणत्या तारखेपासून अखंड आहे आणि रक्कम किती. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. चार लाखांचं संरक्षण असलेल्याने दहा लाखांची पॉलिसी घेतली, तर जुन्या वर्षांचा फायदा चार लाखांपुरताच मिळतो. वरच्या सहा लाखांची प्रतीक्षा नव्याने सुरू होते.

हप्त्याचा आकडा बघून पॉलिसी निवडू नका. आधी खोलीभाड्याचं कलम वाचा. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीला रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा आहे. तुम्ही ८,००० च्या खोलीत राहिलात, तर वरचे तीन हजार भरून सुटका होत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. या खर्चाचं ८०,००० चं बिल असेल तर ५०,००० च मंजूर होतात. औषधं आणि इम्प्लांटना ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा. खोलीची अट नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. को-पेचंही तसंच. वीस टक्के को-पे म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा तुमचा.

एका एजंटने सुचवलं, "शुगरचं लिहू नका काकू, उगाच पॉलिसी अडकेल." असं सांगणाऱ्याला तिथूनच निरोप द्या. माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारायला विमा कंपनीला सलग पाच वर्षं वाव असतो, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. आम्ही स्टेंटची फाइल, डिस्चार्ज कार्ड, सगळं जोडलं. हप्ता चढा आला, तो मान्य केला.

मोठ्या रकमेचा हप्ता झेपत नसेल तर पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप घ्यावा. नुसता टॉप-अप नको. तो प्रत्येक आजारपणाचं बिल वेगळं धरतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बिलं एकत्र करतो. उतारवयात एका वर्षात दोन-तीनदा भरती व्हावं लागतं, तिथे हा फरक कळतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आधी तो १८ टक्के होता. जुनं कोटेशन हातात असेल तर नवं मागा.

सत्तरी पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही आणि खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. मात्र आपलं नेहमीचं हॉस्पिटल यादीत आहे का, हे आधी बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तेच. निवृत्त होईपर्यंत ईएसआयमध्ये असलेल्या आणि किमान पाच वर्षं वर्गणी भरलेल्या कामगारांना तर वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायकोचे उपचार ईएसआयमध्ये चालू ठेवता येतात. आमच्या ओळखीतल्या कितीतरी कामगारांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

पॉलिसी हातात आली की जपून ठेवण्याआधी तिचं पहिलं पान वाचा. आमच्या कागदावर संरक्षण यंदाच्या एप्रिलपासून सुरू झाल्याचं छापलं होतं, ग्रुपमधल्या वर्षांचा उल्लेखच नव्हता. तसंच ठेवलं असतं तर सगळा खटाटोप वाया गेला असता. पॉलिसी परत करायला तीस दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत पोचशिक्क्याची झेरॉक्स जोडून लेखी दुरुस्ती मागितली आणि सुधारित कागद मिळाला. दाद लागली नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते आणि पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.